वर्षाचा खर्च बाराने भागावा

पगारदार घराचा जमाखर्च सहसा महिन्याच्या मापाने मांडला जातो. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, किराणा, दूध, वीजबिल, पेट्रोल एवढे त्यात असते. हे सारे नेटाने सांभाळणारी माणसेही जूनमध्ये शाळा सुरू होताना किंवा दिवाळीच्या तोंडावर हातउसने घेताना, नाहीतर मुदत ठेव मोडताना दिसतात. ती उधळी असतात असे नाही. वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यांच्या महिन्याच्या वहीत कधी लिहिलेलेच नसतात, आणि ते आले की 'या महिन्यात जरा ओढाताण झाली' असे म्हणून विसरले जातात.

म्हणून आधी मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे पासबुक किंवा खातेउतारा घेऊन बसावे आणि दर महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च त्याच्या महिन्यासह वेगळ्या कागदावर उतरवावा. उदाहरणादाखल, हाती ५५,००० रुपये पगार येणाऱ्या एका घराचा कागद असा असू शकेल: दुचाकीचा विमा व सर्व्हिसिंग, फेब्रुवारीत ५,०००, वर्षाचे धान्य आणि मसाला, एप्रिलमध्ये १८,०००, मालमत्ता कर, मेमध्ये ६,०००, शाळेची फी, वह्यापुस्तके आणि गणवेश, जूनमध्ये ३६,०००, आरोग्यविम्याचा हप्ता, जुलैत २४,०००, गणपती ८,०००, दिवाळी २५,०००, आणि लग्नसराईतले आहेर व गावी येणेजाणे मिळून १०,०००. बेरीज १,३२,००० होते आणि तिला बाराने भागले की ११,००० येतात. याचा अर्थ या घराचा पगार खर्चासाठी ५५,००० नसून ४४,००० आहे. हा आकडा पहिल्यांदा पाहताना वाईट वाटते खरे, पण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा राहतो.

हे ११,००० पगाराच्या दिवशीच, आपोआप, दुसऱ्या बचत खात्यात गेले पाहिजेत. त्या खात्याचे डेबिट कार्ड जवळ बाळगू नये आणि ते कोणत्याही यूपीआय अॅपला जोडू नये. महिनाअखेर जे उरेल ते टाकू, असे ठरवणाऱ्याच्या हाती महिनाअखेर काही उरत नाही, हा बहुतेकांचा अनुभव आहे. आवर्ती ठेव (आरडी) काढायची असेल तर मुदत नीट पाहावी: टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, त्यामुळे जूनच्या फीसाठी ती उपयोगाची नाही, अनेक बँकांत मात्र सहा महिन्यांपासून पुढची मुदत निवडता येते. नोव्हेंबरात सुरू केलेली सहा महिन्यांची ठेव मे महिन्यात, म्हणजे फीच्या आधी, हाती पडते. व्याज किती मिळते याला इथे फारसे महत्त्व नाही, पैसे वेळेवर मोकळे होणे महत्त्वाचे.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. वरच्या घराने जानेवारीत आरंभ केला तर जुलैअखेर ७७,००० जमतील. पण तोवर धान्य, कर, फी आणि आरोग्यविमा या चारच खर्चांना ८४,००० लागलेले असतील. पद्धत फसली असे वाटून बरेच जण नेमके इथेच ती सोडतात. दिवाळीनंतर, नोव्हेंबरपासून आरंभ केला तर तोच हिशेब एकदाही उणे होत नाही. ज्यांना तोवर थांबायचे नसेल त्यांनी बोनस किंवा अशीच एखादी एकरकमी मिळकत या खात्यात पहिली भर म्हणून घालावी.

फी क्रेडिट कार्डावर भरून बाकी पुढे ढकलण्याचा मार्ग सोपा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब सांगतो. महिना साडेतीन टक्के दराने ३६,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,२६० रुपये होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. भिशीचे म्हणाल तर ओळखीच्या माणसांत ती शिस्त लावते, हे मान्य. पण आपला नंबर जूनमध्ये लागेल याची खात्री नसते आणि एखादा सभासद मधेच थांबला तर पैसे वसूल करणे अवघड जाते. फीचे पैसे तरी तिच्यात गुंतवू नयेत, असे माझे मत आहे.

उरलेल्या ४४,००० मधून ठरलेली बिले आणि किराणा गेल्यावर जी हातखर्चाची रक्कम राहते, ती महिन्याची न मानता आठवड्याची मानावी आणि दर सोमवारी यूपीआयला जोडलेल्या खात्यात तेवढीच टाकावी. आठवडा संपेपर्यंत चार दिवस कळ काढणे जमते, महिना संपेपर्यंत वीस दिवस जमत नाही. यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अॅपमध्येच छोट्या खर्चांसाठी आधी भरून ठेवायची रक्कम, या कामी पाकिटासारखी वापरता येते, कारण त्यात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच शिल्लक राहते. मात्र चहा, रिक्षा, भाजी अशा त्यातल्या प्रत्येक खर्चाची नोंद पासबुकात येत नाही, फक्त भरलेली रक्कम दिसते. ज्यांना पैसा कुठे जातो हेच शोधायचे आहे त्यांनी पहिले दोन महिने साधे यूपीआयच वापरावे.

कागदावरचे काही आकडे कमीही करता येतात. अनेक महापालिका मालमत्ता कर मुदतीआधी भरणाऱ्यांना सवलत देतात, आणि विम्याचा हप्ता मासिक भरण्यापेक्षा वार्षिक भरला तर सहसा स्वस्त पडतो. हे दोन्ही लाभ पैसे आधीच बाजूला असतील तरच घेता येतात. धान्याचे तसे नाही. हंगामात घेतलेला गहू ऊन दाखवून, एरंडेल चोळून नीट ठेवला तर परवडतो. पण ज्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही तिथे पावसाळ्यात त्याला कीड लागते आणि वाचलेले पैसे धान्याबरोबर जातात. अशा घराने दोन-तीन महिन्यांपुरतेच धान्य भरावे आणि ते १८,००० वार्षिक कागदावरून काढून किराण्यात धरावेत.

आजारपण किंवा नोकरी जाण्यासाठीची शिल्लक या खात्यात मिसळू नये. ती वेगळीच असावी, नाहीतर दवाखान्याचे बिल फीच्या पैशांतून जाईल आणि जूनमध्ये पुन्हा तीच ओढाताण होईल. दरवर्षी दिवाळी झाली की कागद पुन्हा काढावा, प्रत्येक खर्चासमोर यंदा खरोखर किती गेले ते लिहावे, शाळेने फीवाढ कळवली असेल तर ती धरावी, आणि नवी बेरीज बाराने भागून डिसेंबरपासूनची रक्कम बदलून घ्यावी.