संत्र्याच्या बागेतील छोट्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग बेअरिंग बसवून हलके करणे

वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेड पट्ट्यातील संत्र्याच्या बागेत झाडे साधारण ६ बाय ६ मीटरवर असतात, आणि फवारणीचा पंप किंवा रोटाव्हेटर जोडलेला १५ ते २० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर प्रत्येक ओळीच्या शेवटी धुऱ्याजवळ वळवावा लागतो. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर असा दिवस काढला की संध्याकाळी खांदे भरून येतात. दोष बहुधा स्टेअरिंग बॉक्सला दिला जातो, पण पुष्कळदा खरी अडचण पुढच्या चाकांजवळच्या किंगपिनमध्ये, म्हणजे अॅक्सलच्या टोकाच्या नळीत बसणाऱ्या व चाक जिच्याभोवती डावी-उजवीकडे वळते त्या उभ्या पिनमध्ये असते. तेथे ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचे सगळे वजन एका साध्या वायसरवर किंवा बुशच्या कॉलरवर टेकलेले असते, आणि स्टेअरिंग फिरवताना ही लोखंडावर लोखंड घासणारी जोडीच आपण हाताने फिरवत असतो. त्या वायसरच्या जागी थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे वरून येणारा भार पेलत फिरणारे चपटे बेअरिंग बसवणे, हीच येथे सांगितलेली सुधारणा.

बेअरिंग विकत आणण्याआधी जडपणा नेमका कोठे आहे हे शोधणे आवश्यक आहे. प्रथम टायरमधील हवा पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी करावी, कारण कमी हवेचे टायर कोणत्याही बेअरिंगचा फायदा गिळून टाकतात. मग ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, मागे जोडलेले अवजार जमिनीवर टेकवून, मागच्या चाकांना ओट लावून, पुढचा अॅक्सल मधोमध जॅकने उचलावा व त्याखाली भक्कम लाकडी ओंडके ठेवावेत. विटा ठेवू नयेत. भाराखाली त्या अचानक फुटतात. चाके अधांतरी असताना स्टेअरिंग हलके फिरले, तर दोष टायर, हवा, पुढचे वजन किंवा भार आल्यावरच घासणारा किंगपिनचा वायसर यांचा आहे. ते तसेच जड राहिले, तर स्टेअरिंगकडून चाकाकडे येणारा रॉड व दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड सोडवून प्रत्येक चाक हाताने वेगवेगळे डावी-उजवीकडे वळवून पाहावे. चाक अडकत फिरत असेल तर किंगपिन दोषी. चाक मोकळे पण स्टेअरिंग जड असेल तर कॉलमचा (स्टेअरिंगच्या दांड्याचा) बुश किंवा स्टेअरिंग बॉक्स. त्याच वेळी चाक वरून व खालून धरून हलवावे. खडखड होत असेल तर किंगपिनचा बुश किंवा हबचे बेअरिंग झिजलेले आहे, आणि ते तसेच ठेवून खाली नवे बेअरिंग बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

या सुधारणेकडून अपेक्षा किती ठेवावी हेही आधीच सांगितलेले बरे. एका पुढच्या चाकावर १५० किलो भार धरला आणि २५ मिमीच्या पिनवरील कोरड्या वायसरचे घर्षण हिशेबात घेतले, तर ते वळवायला साधारण ५ ते ८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. गंज चढलेला असेल तर त्याहून बरेच जास्त. थ्रस्ट बेअरिंग बसल्यावर हा आकडा जवळजवळ नाहीसा होतो. परंतु उभ्या ट्रॅक्टरचे चाक वळवताना टायर जमिनीवर घासतो आणि ते घर्षण याच्या कितीतरी पट असते. म्हणून फरक जाणवतो तो हळू चालत्या ट्रॅक्टरमध्ये, आणि विशेषतः वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येण्यामध्ये. ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून स्टेअरिंग ओढून पाहणाऱ्याला हे काम फसल्यासारखेच वाटेल.

आता बेअरिंगची निवड. पिन मोजण्यासाठी वर्नियर वापरावा, आणि पिन वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी व दोन दिशांनी मोजावी, कारण ती एकाच बाजूने झिजते. २० मिमीच्या पिनला ५११०४ (२० × ३५ × १० मिमी), २५ मिमीला ५११०५ (२५ × ४२ × ११ मिमी) आणि ३० मिमीला ५११०६ (३० × ४७ × ११ मिमी) हे थ्रस्ट बॉल बेअरिंग चालते. तालुक्याच्या ठिकाणी दुकानात नुसता क्रमांक सांगितला तरी पुरतो. अडचण उंचीची आहे. जुना वायसर ३ मिमीचा असेल आणि त्याजागी ११ मिमीचे बेअरिंग आले, तर पिनचे वरचे टोक ८ मिमी खाली जाते आणि सर्क्लिपची (पिन अडवून धरणाऱ्या कडीची) खाच किंवा वरच्या आर्मची जागा नळीच्या आत दडते. यावर दोन उपाय आहेत. अॅक्सलच्या नळीचे खालचे तोंड लेथवाल्याकडून तेवढे कापून घ्यावे, किंवा सुईच्या रोलरचे चपटे थ्रस्ट बेअरिंग घ्यावे. एएक्सके २५४२ हे २ मिमी जाडीचे असते व त्याच्या खाली-वर १ मिमीचे एएस २५४२ वायसर लागतात, म्हणजे एकूण ४ मिमी. कठीण केलेल्या या दोन वायसरांशिवाय ते कधीही बसवू नये. साध्या लोखंडात सुया थोड्याच दिवसांत चर पाडतात. जागा मिळत असेल तर मी बॉल बेअरिंगच पसंत करतो, कारण नळीचे तोंड किंचित तिरपे असले तरी ते थोडेफार निभावून नेते.

पिनभोवतीचा बुश काढून तेथेही सुईचे बेअरिंग घालावे, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. किंगपिन पूर्ण फिरत नाही, थोड्याशाच कोनात पुढे-मागे होते आणि वाटेतील खड्ड्यांचे धक्के त्याच त्याच ठिकाणी बसतात. अशा जागी सुया पिनवर खुणा पाडतात आणि मग स्टेअरिंग टप्प्याटप्प्याने अडकू लागते. गनमेटलचा बुश, त्याला आतून ग्रीसची खाच आणि पिनशी ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक, एवढे पुरेसे आहे. बुश हातोडीने न ठोकता लांब बोल्ट, नट व जाड वायसर यांच्या साहाय्याने ओढून बसवावा, आणि बसल्यावर तो आतून थोडा आवळतो म्हणून शेवटी रीमर (भोक मापात आणणारे हत्यार) फिरवावा. बुशला खालून कॉलर असेल तर ती कापून नळीच्या तोंडाशी समतल करावी.

बसवण्यापूर्वी पिन, नळी व ग्रीसची वाट डिझेलने धुऊन कोरडी करावी. थ्रस्ट बॉल बेअरिंगच्या दोन वायसरांचे भोक सारखे नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ५११०५ मध्ये एकाचे भोक २५ मिमी, तर दुसऱ्याचे २६ मिमी असते. पिनवर घट्ट बसणारा लहान भोकाचा वायसर खाली, पिनच्या खांद्यावर ठेवावा, कारण तो चाकाबरोबर फिरतो. मोठ्या भोकाचा वर, अॅक्सलच्या नळीला टेकवावा. पहिल्या खेपेस मी हे उलटे बसवले होते. खालचा वायसर पिनवर एका बाजूला सरकला, गोळ्या वाकड्या चालू लागल्या आणि एका हंगामातच करकर ऐकू येऊ लागली.

खरा शत्रू मात्र आपली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिची धूळ पिठासारखी सगळीकडे शिरते, आणि पावसाळ्यात चिखल चाकाला लगडून थेट किंगपिनपर्यंत चढतो. हे बेअरिंग उघडे असते. त्याला स्वतःचे सील नसते. झाकणाशिवाय ते साध्या वायसरपेक्षाही लवकर निकामी होते. सोपा आणि टिकाऊ उपाय म्हणजे मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंच लांबीचा तुकडा. पिन आत घालण्यापूर्वीच तो नळीवर सरकवून ठेवावा, जोडणी झाल्यावर खाली ओढून बेअरिंग झाकावे, वरचे टोक क्लॅम्पने आवळावे आणि खालचे मोकळे ठेवावे, म्हणजे नवे ग्रीस भरताना जुने मळके ग्रीस तेथून बाहेर पडते. ग्रीस लिथियमचे, २ किंवा ३ क्रमांकाचे वापरावे. ते भरताना चाक जॅकवर उचललेले असावे. भार असताना ग्रीस दबलेल्या पृष्ठभागांमध्ये शिरतच नाही.

कॉलमच्या वरच्या टोकाला नायलॉनचा झिजलेला बुश असेल आणि दांडा २० मिमीचा असेल, तर दोन बोल्टचे युसीएफएल २०४ हे घरासह मिळणारे बेअरिंग तेथे छान बसते. दांड्याचा थोडा तिरपेपणा ते स्वतः सांभाळून घेते. पुढची चाके बुशवर फिरत असतील तर हब लेथवर वाढवून ६२०४-२आरएस किंवा ६२०५-२आरएस ही दोन्ही बाजूंनी बंद असलेली बेअरिंगे घालावीत. चाकाचा मध्य किंगपिनपासून काही इंच बाहेर असतो, त्यामुळे वळताना चाक पिनभोवती थोडे लोळते, आणि ते जितके सहज लोळेल तितके स्टेअरिंग हलके होते. हबला आधीच टेपर रोलर असतील तर चाक फिरवत नट आवळावा, मग चाक मोकळे फिरेल पण हलणार नाही इतकाच परत सोडावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची सवय येथे महागात पडू शकते.

उंची बदलली की टाय रॉडचा कोनही बदलतो, म्हणून शेवटी दोन्ही चाकांमधील अंतर हबच्या उंचीवर पुढून व मागून मोजून पुस्तिकेप्रमाणे जुळवावे. पुढचे अंतर काही मिलिमीटरने कमी असते. नंतर चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ट्यूबचा तुकडा कोठे ओढला जातो का ते पाहावे. फरक मोजायचा असेल तर काम सुरू करण्यापूर्वीच स्टेअरिंगच्या कडेला स्प्रिंगचा काटा अडकवून, चाके उचललेली असताना, किती ओढ लागते ते लिहून ठेवावे आणि काम झाल्यावर त्याच रीतीने पुन्हा मोजावे; मात्र चाके उचलल्यावर वायसरवर भार नसतो, म्हणून भाराखालचा फरक यात दिसत नाही. पहिल्या दहा तासांच्या कामानंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. पावसाळ्यात ट्रॅक्टर धुतल्यावर त्याच दिवशी ग्रीस गनचे दोन-तीन दाब द्यावेत, आणि ट्यूबच्या खालच्या कडेतून पाण्याचे थेंब मिसळलेले पांढुरके ग्रीस येणे थांबेपर्यंत ते देत राहावेत.