खरड छाटणी करताना मिलीबग सालीखालीच गाठावा

माल उतरल्यावर निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागा मोकळ्या दिसू लागतात. परंतु घडांत शिरलेला मिलीबग, म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकूण, मालाबरोबर बागेबाहेर गेला असे समजू नये. तो खोडाच्या आणि ओलांड्याच्या, म्हणजे तारेवर पसरलेल्या आडव्या फांदीच्या, सुटलेल्या सालीखाली दडून राहतो व नव्या फुटीबरोबर पुन्हा वर चढतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे माल उतरल्यावर काड्या आखूड कापल्यानंतर, वेलीवर पाने नसतात आणि खोड उघडे असते, म्हणून त्याचा बंदोबस्त करण्यास याहून सोयीची वेळ वर्षात दुसरी नाही.

सुमारे ३ मिलिमीटर लांबीच्या या मादीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचा थर असतो, त्यामुळे फवाऱ्याचे पाणी तिच्यावरून ओघळून जाते. तिची शेकडो अंडी कापसासारख्या पुंजक्यात असतात, त्यांच्यापर्यंतही औषध नीट पोहोचत नाही. अंड्यांतून साधारण आठवडाभरात बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या अंगावर मात्र अद्याप मेण नसते, आणि फवारणी लागू पडते ती याच काळात. मोठ्या मादीसाठी औषधाची मात्रा दुप्पट करणे हा खर्च आहे, उपाय नव्हे.

म्हणून आधी साल काढावी. सुटलेली साल हाताने किंवा गोणपाटाने घासून काढावी, आतल्या जिवंत सालीला इजा होऊ देऊ नये, आणि खाली कापड अंथरून सगळा कचरा गोळा करून जाळावा. तो बांधावर टाकल्यास कीड पुन्हा बागेत येते. त्यानंतर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीतील औषधाने खोड, ओलांडे व त्यांचे सांधे भरपूर पाणी वापरून धुऊन घ्यावेत. मिलीबगच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात व त्याच्या शत्रूंना हुसकावतात, त्यामुळे बुंध्याजवळची वारुळेही मोडावीत.

येथे एक घोटाळा हमखास होतो. मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी स्वतःही मेणाचे पांढरे झुबके अंगावर वागवते आणि दुरून हुबेहूब मिलीबगसारखी दिसते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला असून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची वाढलेली अळी सेंटिमीटरभर लांब असते, तिचे झुबके मोठे असतात आणि डिवचल्यास ती झपाट्याने पळते. मिलीबग जागचा फारसा हलत नाही. अशा अळ्या दिसल्यास त्या वेलींवर रासायनिक फवारणी टाळावी. किडीला मारणाऱ्या मित्रबुरशीला दमट हवा लागते, तेव्हा व्हर्टिसिलियम ही मित्रबुरशी उन्हाळ्यात न वापरता पावसाळ्यासाठी राखून ठेवावी.

बागेच्या कडेला जास्वंद, भेंडी किंवा अंबाडी असल्यास तीही तपासावी, कारण हीच कीड त्या झाडांवरही वाढते.