खुर्चीला हात लावण्याआधी

सांगलीत विश्रामबागेतल्या एका काकांकडे मी सात वर्षं मदतनीस आहे. त्यांना कमरेखाली संवेदना नाही. नवीन मुलींना मी आधी हेच सांगते, विचारल्याशिवाय हात लावू नका. "काका, उठवू का?" व्हीलचेअर म्हणजे त्यांचं अंगच. तिला टेकून उभं राहायचं नाही.

पलंगावरून घेताना खुर्ची तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या वर दुमडा. काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. मोठ्या उतारावर खुर्ची उलटी करून, आपण खालच्या बाजूला राहून मागे मागे उतरा.

माकडहाड, टाचा रोज उजेडात बघा. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात. चोळू नका, तिथला भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. झोपलेले असतील तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला. एका रात्री माझ्याकडून चादरीची चुणी तशीच राहिली. ती जखम भरायला दीड महिना लागला. अजून मी अंथरुणावरून तळहात फिरवल्याशिवाय त्यांना झोपवत नाही.

यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, झेरॉक्स पिशवीत ठेवाच.

बाजारात दुकानदार मलाच विचारतो, "यांना काय हवंय?" मी काकांकडे बघते आणि गप्प राहते. मग काकाच सांगतात, "अर्धा किलो बेदाणे द्या."