जुन्या शिवणयंत्राची माहितीपुस्तिका डिजिटल संग्रहांत कशी शोधावी

घरातील पायमशीन सहज दोन पिढ्या चालते, तिच्याबरोबर आलेली पुस्तिका मात्र खणातील बटणे आणि खडूच्या तुकड्यांबरोबर कधीतरी नाहीशी होते. आमच्या घरच्या काळ्या सिंगर मशीनचेही तसेच झाले होते. पुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य मिळाली, परंतु त्याआधी ‘जुने सिंगर मशीन’ असे ढोबळ शब्द टाकून दोन संध्याकाळी वाया गेल्या. शोध संगणकावर नव्हे, मशीनवर सुरू करायचा असतो, हे तेव्हा उमगले.

सिंगरचा अनुक्रमांक बहुतेक मशीनांवर तळपट्टीच्या उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी उठवलेला असतो. आमच्या मशीनवर त्या जागी तेल आणि धुळीचा घट्ट थर होता. शिलाईच्या तेलात भिजवलेल्या चिंधीने तो हळूच पुसला, मोबाइलचा दिवा तिरपा धरला, तेव्हा कुठे दोन अक्षरे आणि त्यांपुढील आकडे उमटले. या अक्षरांना अर्थ असतो. आरंभी ‘ई’ आणि त्याला जोडून आणखी एक अक्षर असल्यास मशीन स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातले असते, जो १९८० साली बंद झाला. केवळ ‘जी’ असल्यास ते अमेरिकेतील न्यू जर्सीमधले असते. आणि एकही अक्षर नसल्यास मशीन बहुधा १९०० पूर्वीचे समजावे. मात्र अनुक्रमांक म्हणजे मॉडेल नव्हे. शिवणयंत्रांच्या संग्राहकांची ‘इस्मॅक्स’ ही आंतरराष्ट्रीय संस्था सिंगरच्या अनुक्रमांकांच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवते. त्यांत आपला क्रमांक कोणत्या टप्प्यात बसतो हे पाहिले की वर्ष आणि पुष्कळदा मॉडेलही कळते.

मॉडेल हाती आल्यावर इंटरनेट आर्काइव्ह या विनामूल्य डिजिटल ग्रंथालयाकडे वळावे. १९९६ साली ब्रूस्टर केल यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत माहितीपुस्तिकांचा स्वतंत्र विभाग आहे. २०१५ साली अमेरिकेतील मेरिलँडमधील जुन्या पुस्तिका विकणारे एक दुकान बंद होत असताना स्वयंसेवकांनी तेथील हजारो पुस्तिका खोक्यांत भरून वाचवल्या. या संग्रहाच्या मागे अशीही माणसे आहेत. शोधताना शब्द रोमन लिपीत टंकावेत आणि ते त्या काळचे असावेत. सिंगरने आपल्या पुस्तिकांना ‘मॅन्युअल’ क्वचितच म्हटले. मुखपृष्ठावर बहुधा ‘इन्स्ट्रक्शन्स फॉर युझिंग’ असे शब्द असतात. मॉडेल क्रमांक एकदा जोडरेषेसह आणि एकदा तिच्याशिवाय टाकावा. एवढ्यानेही काही हाती लागले नाही, तर शोधपेटीजवळचा पूर्ण मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडावा, कारण पुष्कळदा पुस्तिका भलत्याच शीर्षकाखाली चढवलेली असते. छापील पानांचे यंत्राने केलेले वाचन चुकू शकते, हेही लक्षात ठेवावे. पुसट छपाईत ‘बॉबिन’चे ‘हॉबिन’ झाले, तर नेमका तोच शब्द शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही. उतरवून घेण्यासाठी पानाच्या उजवीकडील यादीतून पीडीएफ निवडावी; खुल्या पुस्तिकेसाठी खाते उघडण्याची गरज नाही.

स्मिथसोनियन या अमेरिकेतील संग्रहालय-संस्थेच्या ग्रंथालयांनी शिवणयंत्रांच्या जुन्या व्यापारी पत्रकांचा आणि पुस्तिकांचा संग्रह डिजिटल केला आहे. फार जुन्या मशीनसाठी तोही पाहावा. याउलट तुलनेने अलीकडच्या उपकरणाच्या कंपनीचे संकेतस्थळच बंद पडले असेल, तर वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जतन करणारी इंटरनेट आर्काइव्हचीच सेवा, उपयोगी पडते. तेथे कंपनीचा जुना पत्ता टाकून, जतन झालेल्या सर्व पत्त्यांची यादी उघडावी आणि गाळणीच्या (फिल्टरच्या) चौकटीत ‘पीडीएफ’ लिहावे. पुस्तिका जतन झाली असेल, तर ती या यादीत दिसते.

भारतीय बनावटीच्या काळ्या मशीनची पुस्तिका मिळणे अवघड असते. तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण त्यांपैकी बहुतेकांचा साचा सिंगरच्या १५ क्रमांकाच्या वर्गाचा आहे. दोऱ्याच्या ताणाच्या चकत्या डाव्या टोकाच्या झाकणावर असतील आणि बॉबिन केस डावीकडून, उभी बसत असेल, तर १५-८८ या पायमशीनची पुस्तिका उघडावी. १५-९० आणि १५-९१ ही मोटारीची रूपे असल्यामुळे त्यांतील विजेचा भाग सोडून द्यावा. सुईची सपाट बाजू आणि दोरा ओवण्याची दिशा मात्र आपल्या मशीनवर एक टाका घालून पडताळावी. सुटे भाग बदलायचे असतील, तर वापराची पुस्तिका पुरत नाही. त्यासाठी ‘लिस्ट ऑफ पार्ट्स’ असे वेगळे शोधावे लागते.

जी संकेतस्थळे ‘विनामूल्य’ म्हणून कार्डाचा तपशील मागतात किंवा पीडीएफऐवजी चालवायची फाइल पुढे करतात, त्यांच्याकडे पाठ फिरवावी. पुस्तिका मिळताच प्रत आपल्याकडे उतरवून ठेवावी. ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस बंद होते. दोरा ओवण्याच्या आकृतीचे आणि तेल घालण्याच्या जागा दाखवणारे पान तेवढे छापून मशीनच्या खणात ठेवावे.