झू गेममध्ये स्लॉथ घालताय? या चुका टाळा

“मामा, हा मेलाय का?”

आमच्या गेममधला स्लॉथ (झाडाला उलटा लटकून राहणारा अतिशय संथ प्राणी) पाहून कोपरखैरण्याच्या माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हसून म्हटलं, “अगं, तो असाच असतो. हळूबाई.” दोन मिनिटांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाटी आली: प्राणी भुकेने दगावला. पोरीचं काही चुकलं नव्हतं, ती फक्त दोन मिनिटं पुढे होती.

ठाण्यात वर्तकनगरला बसून आम्ही दोघे मित्र नोकरी सांभाळून गोडो इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्राणिसंग्रहालयाचा एक छोटा गेम करतोय. हरणं झाली, माकडं झाली, बिबट्या झाला. मग स्लॉथ घ्यायचं ठरलं. वाटलं, माकडाची फाइल कॉपी करू, वेगाचा आकडा खाली आणू, तासाभराचं काम. त्या तासाभराच्या कामात आमचे तीन शनिवार-रविवार गेले, कारण ‘प्राणी चटकन हलतो’ हे आम्ही गेमच्या प्रत्येक कोपऱ्यात गृहीत धरलं होतं आणि ते आमच्या लक्षातही नव्हतं.

दोन घड्याळांचा घोळ

आधी हा मृत्यू बघू, कारण सगळ्यात जास्त वेळ यानंच खाल्ला.

झाडावर स्लॉथ मिनिटाला साधारण चार मीटर सरकतो. आम्ही तोच वेग दिला. झाड बारा मीटर उंच, म्हणजे उतरायला तीन मिनिटं. आमच्या गेममधला एक दिवस खऱ्या बारा मिनिटांचा. सगळ्या प्राण्यांचं पोट एका दिवसात पूर्ण रिकामं होतं आणि ते तीस टक्क्यांवर आलं की प्राणी खाण्याकडे निघतो. आता हिशोब करा. तीस टक्के म्हणजे हातात ३.६ मिनिटं. त्यातली तीन उतरण्यात गेली. उरलेल्या ०.६ मिनिटात गडी जमिनीवर २.४ मीटर सरकला. खाण्याचं भांडं झाडापासून पाच मीटरवर. बिचारा दर वेळी भांड्याच्या अडीचेक मीटर अलीकडे मरायचा.

चाल खऱ्या सेकंदांवर आणि भूक गेमच्या दिवसावर, अशी दोन घड्याळं चालू होती. हरीण दहा सेकंदांत भांड्याशी पोचतं, त्यामुळे हा घोळ वर्षभर कुणाला दिसलाच नाही.

मित्रानं वेग तिप्पट केला. मरणं थांबलं, पण मग तो स्लॉथ राहिला नाही, तापातून उठलेलं माकड दिसायला लागला. वेगाला हात लावू नका. भुकेचा दर कमी करा. स्लॉथचं पचन इतकं संथ असतं की खाल्लेला पाला पोटातून पुढे जायला कित्येक दिवस, कधी महिनाभरसुद्धा लागतो. आणि खाणं वर द्या. फांदीला टोपली टांगली आणि आमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. कुठलाही हळू प्राणी घालताना आधी कागदावर दोन आकडे मांडा: खाण्यापर्यंत पोचायचा वेळ आणि भूक लागल्यापासून मरेपर्यंतचा वेळ. दुसरा पहिल्याच्या निदान तिप्पट हवा.

‘अडकला’ म्हणून उचलून गेटवर

भूक मिटली, तर स्लॉथ मधूनच झाडावरून गायब होऊन पिंजऱ्याच्या दारात उगवायला लागला. हेही आमचंच पाप. कुंपणात अडकलेल्या प्राण्याला सोडवायला आम्ही नियम घातला होता: सलग काही फ्रेम (स्क्रीनवर सेकंदाला साठ वेळा बदलणारी चित्रं) प्राणी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी हलला की तो अडकला असं समजा आणि उचलून दाराशी ठेवा. सेकंदाला मीटरभर चालणारं हरीण साठ फ्रेमच्या हिशोबानं एका फ्रेममध्ये दीड सेंटिमीटरच्या वर जातं. स्लॉथ जातो १.१ मिलिमीटर. म्हणजे आमच्या कोडच्या मते तो जन्मतःच अडकलेला.

फ्रेम मोजू नका. दहा-पंधरा सेकंदांत प्राणी किती सरकायला हवा होता आणि किती सरकला, ते त्याच्या स्वतःच्या वेगाच्या प्रमाणात बघा. आणि प्राणी झोपलेला असेल तर ही तपासणी बंद. हे शेवटचं आम्ही विसरलो होतो, तेव्हा झोपलेल्या बिबट्यानंही एकदा दारात हजेरी लावली.

खोडावर नॅव्हमेश चढत नाही

तुमचा स्लॉथ झाडाच्या बुंध्याशी नाक लावून उभा राहत असेल तर बग शोधत बसू नका. गोडोमध्ये नॅव्हमेश, म्हणजे प्राण्यांना चालता येईल अशा जागेचा नकाशा, बेक (तयार) करताना चढाची मर्यादा मुळात ४५ अंश असते, खोड उभं ९०. ती मर्यादा वाढवत नेण्याचा मोह होतो. मग हरणं भिंतींवर चढतात. त्यापेक्षा खोड आणि फांद्यांवरून पाथ३डी (ठरलेल्या वाटेची रेघ) काढा आणि स्लॉथला पाथफॉलो३डीवर (त्या रेघेवरून सरकणाऱ्या बिंदूवर) बसवा. एक बारीक काटा इथेही आहे: त्याला पुढे सरकवताना ‘प्रोग्रेस’ वापरा, ‘प्रोग्रेस रेशो’ नाही. पहिलं मीटरमध्ये मोजतं, दुसरं शून्य ते एक. रेशो वाढवत गेलात तर लांब फांदीवर स्लॉथ पळतो आणि आखूड फांदीवर रांगतो.

शेण फांदीवर, रखवालदार खाली

खाल्लं की ठरावीक वेळानं शेण, तेही प्राणी असेल त्याच जागी, अशी आमची सोय. स्लॉथनं बारा मीटरवर शेण टाकलं, ते फांदीवरच तरंगत राहिलं. रखवालदाराला साफसफाईचं काम मिळालं, वर जायला रस्ता नाही, तो झाडाखाली उभा. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा. तासाभरानं अख्ख्या झूचे कामगार एका झाडाखाली जमले होते, मोर्चा निघाल्यासारखे, आणि बाकीचे प्राणी उपाशी.

यावर आम्ही बरंच डोकं लढवलं, पण उत्तर प्राण्याकडेच होतं. खरा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच शौचाला जातो आणि त्यासाठी झाडावरून खाली उतरतो. तसंच करा. रखवालदारांसाठी मात्र एक पोटनियम ठेवाच: जागेवर पोचता येत नसेल तर काम सोडून द्यावं.

दिसण्यातल्या चुका

माकडाचं ॲनिमेशन वेग कमी करून चालवू नका, क्रिकेटचा स्लो मोशन रिप्ले वाटतो. स्लॉथची चाल हळू असली तरी अखंड असते, ती मुळापासूनच करावी लागते. केसही तपासा: उलटं लटकून राहायचं असल्यानं स्लॉथच्या केसांचा भांग पोटावर असतो आणि केस पाठीकडे वळतात, म्हणजे पावसाचं पाणी निथळून जातं. स्लॉथचे दोन प्रकार, दोन-बोटी आणि तीन-बोटी; हा फरक फक्त पुढच्या पायांचा. मागच्या पायांना दोघांनाही तीनच. तीन-बोट्याच्या मानेत आठ-नऊ मणके असतात, म्हणून नेहमीच्या सात हाडांच्या सांगाड्यात त्याची मान हवी तेवढी वळत नाही.

झोपही मोजूनमापून द्या. आम्ही ऐकीव माहितीवर वीस तास टाकले होते. २००८ साली पनामाच्या जंगलात तीन-बोट्या स्लॉथच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या गेल्या, तेव्हा झोप निघाली दिवसाला ९.६ तास. माझ्यापेक्षा जास्तच आहे, पण वीस नाही.

नावाचा गोंधळ

मराठी मेनूसाठी आम्ही मशीन भाषांतर लावलं, तर यादीत आलं ‘अस्वल’. आपल्या मेळघाटातल्या अस्वलाला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात, त्यातून हा घोटाळा. मशीनला हसू नका. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं अस्वलाची लांब नखं पाहून त्याला चक्क स्लॉथच्या वंशात बसवलं होतं. मॉडेल विकत घेताना नीट बघा, आणि मेनूत ‘स्लॉथ’ हेच लिहा.

प्रेक्षक वैतागतात

सगळं जमलं तरी एक राहतं. प्राणी जितका हलेल तितका प्रेक्षक खूश, असं गुणांकन असेल तर स्लॉथसमोर प्रत्येक जण नाराज होऊन निघून जातो. राणीच्या बागेत मगरीसमोर “खरी आहे का?” विचारणारी मंडळी आठवा. शिवाय आमचे प्रेक्षक सरळ समोर बघायचे, वर बघायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

प्लॅनेट झूसारख्या मोठ्या गेममध्येही स्लॉथ आला तो २०२३ च्या ट्रॉपिकल पॅकमध्ये, आणि तोसुद्धा मोकळ्या आवारात नाही, तर प्रेक्षक आतून चालत जातात अशा बंदिस्त दालनात. नेहमीच्या प्राण्यांत शोधलात तर सापडत नाही. आम्ही तोच धडा घेतला आणि फांद्यांच्या उंचीवर एक लाकडी पूल बांधला. गुण आता हालचालीला नाहीत, जवळून दिसण्याला आहेत. आणि आठवड्यातून एकदा पाटी येते, ‘स्लॉथ खाली उतरतोय’. झूभरचे प्रेक्षक त्या झाडाकडे धावतात.

भाचीचा फोन आता दर रविवारी येतो. “मामा, आज उतरला का?”