फायर रेटेड भिंतीत टीव्ही, पॅनेल, राऊटर आत बसवताय? या चुका टाळा

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये हॉटेलं, लॉज, सर्व्हिस अपार्टमेंट सगळीकडे रिनोव्हेशन निघालंय, आणि गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या टॉवरमध्ये पण इंटिरियरवाल्यांचं एकच म्हणणं असतं की सगळं भिंतीत आत गेलं पाहिजे, बाहेर वायर नको, बॉक्स नको, टीव्ही पण भिंतीला एकदम चिकटून हवा. दिसायला छानच दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण कटर मशीन लावायच्या आधी ती भिंत नक्की कसली आहे हे कोणी विचारतच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

भिंत न ओळखता खोदायला घेणं

बिल्डिंगमधल्या काही भिंती नुसत्या आडोशाच्या नसतात, आग एका बाजूला अडवून धरायला म्हणून बांधलेल्या असतात. जिन्याची भिंत, लिफ्ट लॉबीची, इलेक्ट्रिक डक्टची, मीटर रूमची, जनरेटर रूमची, दोन फ्लॅटमधली कॉमन भिंत, हॉटेलात खोली आणि कॉरिडॉरमधली भिंत, यातल्या कुठल्याही भिंतीत काही आत बसवायचं असेल तर आधी थांबा आणि आर्किटेक्टकडून किंवा सोसायटीकडून फायर एनओसीसोबतचा (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यासोबतचा) मंजूर नकाशा मागून घ्या, त्यात कुठल्या भिंतीला किती मिनिटांचं रेटिंग आहे ते बघा. जिप्सम पार्टिशन असेल तर एक खूण आहे, आपल्याकडे फायर बोर्डाचा कागद बहुतेक गुलाबी असतो आणि साधा बोर्ड पांढरट किंवा करडा. दुसरी खूण म्हणजे फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून वर बघा, भिंत सीलिंगशी न थांबता थेट स्लॅबला जाऊन भिडली असेल तर ती उगाच तिथपर्यंत नेलेली नाही.

आता १२० मिनिटांची भिंत म्हणजे काय, तर तशी भिंत टेस्ट करताना भट्टीत अर्ध्या तासात साधारण ८४० अंश, एका तासात ९४५ आणि दोन तासांत जवळपास १०५० अंशापर्यंत तापमान नेतात, आणि तेवढा वेळ पलीकडे ज्वाळा तर जाता कामा नयेच, शिवाय पलीकडची बाजू सरासरी १४० अंशापेक्षा जास्त तापायला नको आणि कुठल्याही एका जागी १८० च्या वर वाढ नको. ही टेस्ट अख्ख्या भिंतीची असते, स्टड (बोर्ड ज्यावर ठोकतात त्या उभ्या पट्ट्या), बोर्डाचे थर, स्क्रूचं अंतर, जॉइंटची पट्टी सगळं धरून. तुम्ही पाडलेलं भोक त्या टेस्टमध्ये नव्हतं.

"दादा, आरपार कुठे करतोय, एकाच बाजूने तर कापतोय"

हे वाक्य साइटवर रोज ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं, म्हणजे साडेबारा एमएमच्या एका बोर्डात चौरस मीटरला जवळपास दोन लिटर पाणी म्हणा, आणि आग लागली की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडेपर्यंत मागची बाजू फार तापत नाही. सगळी जादू त्या थरात आहे. तुम्ही एका बाजूचे दोन थर कापून तिथे पत्र्याचा बॉक्स बसवला की आग थेट मधल्या पोकळीत शिरते, आणि मग अडवायला फक्त पलीकडचे थर उरतात आणि ते पण आतल्या बाजूने तापायला लागतात. म्हणजे भोक अर्धंच पण भिंत जवळजवळ गेलीच.

विटेच्या भिंतीत पण तेच. चार इंची भिंतीत तीन इंच खोल डीबी (एमसीबींचा बॉक्स) किंवा टीव्हीचा रिसेस बॉक्स घातला की मागे विटेचा पापुद्रा आणि पलीकडचं प्लास्टर, बास. नऊ इंची असेल तर मागे बऱ्यापैकी वीट शिल्लक राहते, तरी खोदताना ब्रेकर लावू नका, कडा कटरने मारा आणि आतलं छिन्नीने हळूहळू काढा, ब्रेकरने मागच्या प्लास्टरला भेगा जातात आणि त्या शेजारच्या खोलीत पुट्टीखाली झाकल्या जातात, कोणाला कळतही नाही.

किती कापलेलं चालतं याचा अंदाज यावा म्हणून अमेरिकेतल्या आयबीसी (इंटरनॅशनल बिल्डिंग कोड) या बांधकाम नियमांचे आकडे सांगतो, कारण ते डोक्यात ठेवायला सोपे आहेत. तिथे रेटेड भिंतीत वेगळं संरक्षण न देता स्टीलचा इलेक्ट्रिक बॉक्स बसवायचा तर एक बॉक्स १६ चौरस इंचापेक्षा मोठा नको, १०० चौरस फूट भिंतीत सगळ्या बॉक्सचं मिळून १०० चौरस इंचाच्या वर जायला नको आणि बॉक्स नि बोर्ड यांच्यातली फट एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण ३ एमएमच्या आत हवी. आता आपल्याकडचं बघा, तीन मॉड्युलचा, म्हणजे तीन स्विच मावणारा जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) बॉक्स यात बसतो, आठ मॉड्युलचाच बसत नाही, आणि टीव्हीमागचा १४ बाय १४ इंचाचा रिसेस बॉक्स म्हणजे १९६ चौरस इंच, एका बॉक्समध्ये जवळपास दोनशे चौरस फुटांचा कोटा संपला. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४ लागू होतो आणि त्याचं म्हणणं सरळ आहे, सर्व्हिस लाइन जिथून भिंत भेदून जातात ती जागा भिंतीइतकंच रेटिंग असलेल्या फायर स्टॉपने भरायची.

पाठीला पाठ लावून बॉक्स

हॉटेलात हे हमखास सापडतं, कारण १०१ चा टीव्ही आणि १०२ चा टीव्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून असतात आणि इलेक्ट्रिशियनला एकच पाइप उतरवला की काम झालं. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात तक्रार आली होती की शेजारच्या खोलीतलं बोलणं टीव्हीच्या पॉइंटमधून ऐकू येतं. दोन्हीकडच्या प्लेट काढल्या, एका खोलीतले लाइट बंद केले आणि दुसऱ्या खोलीतून बॉक्सजवळ मोबाइलचा टॉर्च धरला, तर एचडीएमआयच्या जुडग्याभोवती उजेडाची गोल कड स्पष्ट दिसली, मध्ये अंगठा जाईल एवढी जागा, दोन्ही बॉक्सचे नॉकआऊट (पाइप घालायला ठोकून उघडायची गोल भोकं) उघडे आणि तिथे साचलेल्या धुळीची करडी जाळी, म्हणजे हवा कित्येक दिवस तिथून ये-जा करत होती. जिथून आवाज येतो, उजेड येतो, तिथून धूर सगळ्यात आधी येणार. ही टॉर्चची टेस्ट फुकटात होते, तुमच्याकडे अशी भिंत असेल तर आज रात्रीच करून बघा, फक्त प्लेट काढायच्या आधी एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा.

उपाय दोन. शक्य असेल तर दोन बाजूंचे बॉक्स आडवे २४ इंच तरी लांब न्या आणि मध्ये किमान एक स्टड येऊ द्या. शक्य नसेल तर बॉक्सला मागून पुट्टी पॅड लावा, हा मऊ चिकट पॅड असतो, उष्णता लागली की फुगतो आणि बॉक्सची तोंडं बुजवतो. भिंतीला लावतो ती पुट्टी नव्हे हा, दुकानात मागताना 'फायर स्टॉप पुट्टी पॅड' असं पूर्ण नाव सांगा नाहीतर भलतंच हातात येईल. बॉक्स पण जीआयचाच घ्या. पीव्हीसीचा बॉक्स आगीत वितळतो आणि त्याच्या आकाराचं भोक मागे ठेवून जातो, रेटेड भिंतीसाठी टेस्ट केलेला असेल तरच प्लास्टिकचा चालेल.

फोम मारून मोकळं होणं

वायरी गेल्या, भोक मोठं झालं, मार फोम, वरून पीओपी, वरून पेंट. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम स्वतःच जळतो आणि जळताना जो धूर सोडतो तो जीवघेणा असतो. थर्माकोल, साधं सिलिकॉन, कोंबलेली पोती, प्लंबरकडची उरलेली एम-सील, हे पण चालत नाही. गुलाबी रंगाचा फायर फोम मिळतो पण तो ठरावीक रुंदीच्या आणि ठरावीक खोलीच्या फटीसाठी टेस्ट केलेला असतो, तो केबलच्या जुडग्याला चालेलच असं नाही, कंपनीच्या डेटा शीटमध्ये फटीचा आकार, केबलची संख्या, भिंतीचा प्रकार हे सगळं दिलेलं असतं ते वाचल्याशिवाय कॅन दाबू नका. केबलभोवती साधारणपणे आत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) दाबून बसवायचं आणि तोंडाशी इंट्युमेसंट, म्हणजे उष्णतेने फुगणारं सीलंट भरायचं, किती खोल ते शीट सांगेल. रॉकवूलच का, तर ते हजार अंशाच्या वर पण टिकतं आणि ग्लासवूल त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून बसतं. पीव्हीसी पाइप आरपार गेला असेल तर नुसतं बाहेरून सील करून उपयोग नाही, पाइप वितळला की आतून बोगदा तयार, तिथे फुगून पाइप आवळणारी कॉलर लागते.

उष्णतेसाठी मागून जाळी ठेवणं

ही चूक शहाणी माणसं करतात. सेट टॉप बॉक्स, राऊटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आत बसवला, मग तो गरम होऊन हँग व्हायला लागला, मग कोणीतरी मागून ग्रिल काढून दिली आणि हवा खेळायला लागली. हवा खेळली म्हणजे भिंत उघडी पडली. लक्षात घ्या, यंत्र जेवढे वॅट खातं तेवढी जवळपास सगळी उष्णताच होते, चाळीस वॅटचा डबा बंद कोनाड्यात ठेवला तर ती उष्णता कुठेतरी जाणारच आहे, आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की यंत्राला बाहेर तरी गार हवा कुठून मिळणार. म्हणून गरम होणारी वस्तू आत घालायचीच नाही. आत फक्त स्क्रीन, टच पॅनेल, व्हिडिओ डोअर फोन असं हलकं काय ते ठेवा आणि अडॅप्टर, डीव्हीआर, अँप्लिफायर कपाटात किंवा युनिटच्या खाली न्या. आत ठेवावंच लागलं तर हवेची वाट पुढूनच, खाली एक जाळी वर एक जाळी, दोन्ही त्याच खोलीत उघडणाऱ्या. इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी भिंतीत कधीच नको, यावर चर्चा पण नको.

यंत्र दर थोड्या वेळाने रीस्टार्ट होतंय, प्लेट हाताला गरम लागतेय, आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पावसाळ्यातच ट्रिप होतो, यातलं काहीही दिसलं तर आधी आतलं कनेक्शन तपासा. ढिला स्क्रू तापतो, आणि बाहेरच्या भिंतीतून ओल आली की बॉक्समध्ये पाणी साचतं. भिंतीत २३० व्होल्टची एक्स्टेन्शन बोर्डची वायर कोंबायची नाही, पाइपमधून एफआरएलएस (सहज पेट न घेणारी, कमी धूर सोडणारी) वायर घ्या, एचडीएमआय नि लॅनला वेगळा पाइप.

मायवानच्या भिंतीत झिरी

नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती मायवानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आरसीसीच्या असतात, वीट नसतेच. तिथे कटर लावू नका, विषय संपला. सळीवरचं काँक्रीटचं कव्हर हेच तिचं आगीपासूनचं पांघरूण आहे, ते कापलं की सळी लवकर तापते आणि साधारण साडेपाचशे-सहाशे अंशाला स्टीलची निम्मी ताकद जाते. भिंत नुसती आग अडवत नाही, वरचे मजले पण पेलतेय.

मग आत बसवायचंच असेल तर?

मूळ भिंतीला हातच लावू नका, तिच्या पुढे चार-पाच इंच सोडून दुसरी खोटी भिंत उभी करा. चॅनेल, स्टड, साधा बोर्ड, आणि त्या पोकळीत बॉक्स, वायर, टीव्हीचा कोनाडा काय हवं ते. खोलीतली थोडी जागा जाते हे खरं, पण मागची भिंत जशीच्या तशी राहते आणि उद्या टीव्ही बदलला, वायर बदलली तरी प्रश्न येत नाही. क्लायंटला हे समजावून सांगितलं की बहुतेक जण तयार होतात, कारण दिसायला फरक काहीच पडत नाही. जागा अगदीच नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे बॉक्सच्या मागे आणि चारही बाजूंनी मूळ भिंतीइतकेच फायर बोर्डाचे थर देऊन एक पेटी बांधायची, जॉइंट एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि हे डिटेल बोर्डाच्या कंपनीकडून लेखी घ्यायचं, सुताराच्या अंदाजावर नाही.

आणि आधीच कापून झालं असेल तर घाबरू नका, दुरुस्त होतं. सप्लाय बंद करून यंत्र बाहेर काढा, आत टॉर्च मारून किती थर गेलेत ते मोजा. विटेत असेल तर विटेचे तुकडे नि सिमेंट मॉर्टरने पूर्ण खोलीपर्यंत भरा, वरवर प्लास्टर नको. जिप्सम असेल तर भोक चौकोनी करून दोन्हीकडच्या स्टडपर्यंत वाढवा, नाहीतर पॅचला स्क्रू मारायला धर मिळत नाही, मग त्याच जाडीचा त्याच प्रकारचा फायर बोर्ड, जेवढे थर तेवढेच, जॉइंटला टेप आणि कंपाउंड. इथे दुकानात उरलेला पांढरा बोर्ड खपवतात, त्यावर नजर ठेवा.

बोर्ड बंद करायच्या आधी फोटो काढा, मोजपट्टी धरून, कुठलं सीलंट वापरलं त्याच्या ट्यूबचा पण. महाराष्ट्रात २००६ च्या फायर कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासूनची यंत्रणा नीट असल्याचा दाखला द्यावा लागतो, तर ती एजन्सी आली की सोसायटीच्या चेअरमन काकांनी हे फोटो समोर ठेवायचे आणि भिंतीत केलेला बदल सांगायचा. भिंत बंद झाल्यावर आत काय आहे ते त्यांना तरी कसं दिसणार. मोठा बदल असेल, समजा लॉबीत डिस्प्ले स्क्रीन किंवा फायर अलार्मचं पॅनेलच आत घ्यायचंय, तर काम सुरू करायच्या आधीच शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन मुख्यालयात नकाशा घेऊन जाऊन विचारून या, कटर चालवल्यावर विचारलं तर भरून काढायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.