पुरवठ्याच्या माणसाचं मानपत्र कसं लिहावं

माझे अण्णा सैन्याला पुरवठा करणाऱ्या शाखेत, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे एएससीत, ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा गावाने मोठ्या मायेने सत्कार केला. मानपत्रात लिहिलं होतं, 'सीमेवर शत्रूला धूळ चारणारे रणझुंजार वीर'. अण्णांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि घरी येऊन ती फ्रेम कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "यातलं मी काही केलं नाही गं. आणि जे केलं, ते यात नाही."

मी शाळेत मराठी शिकवते. त्यानंतर आसपासच्या गावांतून कुणी पुरवठ्यातला माणूस निवृत्त झाला की मानपत्र लिहायला मला बोलावतात. त्यातून जे उमगलं ते इथे सांगते.

सगळ्यात आधी माणूस कुठल्या कोअरचा ते नीट विचारा. गावात सगळ्यांना 'मिलिटरीत होता' एवढंच ठाऊक असतं. एएससीकडे राशन, पेट्रोल-डिझेल-रॉकेल आणि ते पोचवणारे ट्रक, खेचरं, विमानातून खाली सोडायचा माल. आर्मी ऑर्डनन्स कोअर, एओसी, ही वेगळी. तिच्याकडे दारूगोळा, हत्यारं, सुटे भाग, कपडे, तंबू. आपल्याकडचे देहूरोड आणि पुलगावचे डेपो या ऑर्डनन्सचे. गाड्या आणि तोफा दुरुस्त करणारे ईएमईवाले आणखी निराळे. एएससीचं ब्रीद 'सेवा अस्माकं धर्मः', तर एओसीचं 'शस्त्र से शक्ति'. एकाच्या मानपत्रावर दुसऱ्याचं ब्रीद छापलं, तर तो माणूस तोंडाने काही बोलणार नाही, पण ते त्याला आयुष्यभर खुपत राहील.

मग डिस्चार्ज बुक मागून घ्या. भरतीची तारीख, ट्रेड, कोर्स, बढत्या, पदकं, सगळं त्यात असतं. ते वाचूनच बोलायला बसा, नाहीतर पहिली भेट तारखा विचारण्यातच जाते. सोबत नकाशा न्या. नकाशावर बोट ठेवलं की हे लोक बोलायला लागतात, हे मी दर वेळी पाहिलंय.

'लढाईतला एखादा प्रसंग सांगा' असं विचारू नका. पुरवठ्याचा माणूस लगेच म्हणतो, "आम्ही काय, सामान पोचवायचो." आणि दार बंद होतं. त्यापेक्षा विचारा, गाडी कुठली होती? रस्ता कुठला? पहाटे किती वाजता निघायचात? मागे काय भरलेलं असायचं? रिकामी गाडी परत आणताना कसं वाटायचं?

अण्णांना मी हे प्रश्न खूप उशिरा विचारले. ते श्रीनगर-लेह रस्त्यावर शक्तिमान ट्रक चालवायचे. झोजिला घाट हिवाळ्यात बर्फाने बंद व्हायचा. म्हणजे पलीकडच्या जवानांचं अख्ख्या हिवाळ्याचं पीठ, डाळ, तेल, रॉकेल उन्हाळ्याच्या त्या मोजक्या महिन्यांत घाट ओलांडून गेलंच पाहिजे. एक फेरी चुकली तर तेवढं सामान वसंतापर्यंत जाणार नाही. पुढे फोटूला नावाची खिंड, 4,108 मीटर उंच. थंडीत डिझेल गोठून दाटायचं, म्हणून रात्री उठून उठून इंजिन सुरू करून ठेवायचं. चाकांना साखळ्या हातमोजे काढून बांधायच्या, कारण हातमोज्यात कडी लागत नाही. हे सांगताना अण्णांनी नकळत बोटं चोळली. माझ्यासाठी मानपत्र तिथेच सुरू झालं.

स्टोअरकीपर आणि क्लार्क यांचं काम जास्त अवघड. ते म्हणतात, "मी आपलं लेजर लिहिलं." तिथे धीर धरा. माल उतरवून घेताना काय तपासायचात? धान्याला कीड लागली तर? हिशेबात एका पोत्याची तफावत निघाली तर ती रात्र कशी गेली? एका ऑर्डनन्सच्या सुभेदारांनी मला सांगितलं, की गोदामात कुठला सुटा भाग कुठल्या रॅकवर आहे ते त्यांना अंधारातही सापडायचं, आणि रात्री निरोप आला की ते स्वतः उठून जायचे. मी मानपत्रात हे एकच वाक्य मोठ्या अक्षरात घेतलं.

खेचरांच्या कंपनीतला माणूस असेल तर त्याचं ओझं तर लिहाच, जनावराचं नावही लिहा. ती नावं त्यांना पोरांच्या नावांसारखी पाठ असतात. त्यांचा इतिहासही मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये हिंदी सैन्याच्या खेचर कंपन्या होत्या, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. 1971च्या युद्धात पेडोंगी नावाची खेचरी पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागली, आणि पाठीवरच्या बोज्यासकट परत आपल्या हद्दीत आली. पुढे एएससीने तिला निळ्या मखमलीची झूल घालून तिचा सन्मान केला. ओझं वाहण्यासाठी मुक्या जनावराचा एवढा मान राखणारी ही कोअर आहे. आपण तिच्या माणसाच्या मानपत्रात त्याचं ओझं लपवून उसनी तलवार का लिहायची?

लिहिताना विशेषणं काढा, आकडे ठेवा. 'अतुलनीय राष्ट्रसेवा' हे कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. 'सलग पाच उन्हाळे झोजिलाच्या पलीकडे राशन नेलं, एकही गाडी मागे सोडली नाही' हे एकाच माणसाचं असतं. मजकूर एका पानात बसवा आणि मोठ्याने वाचून तीन मिनिटांत संपेल एवढाच ठेवा. आकडे घेताना मात्र विचारा, "हे लिहिलं तर चालेल ना?" साठा किती, कुठे, या गोष्टी ते स्वतःच गाळतात. त्यांनी गाळलेलं पुन्हा खोदू नका.

पदकांत फार चुका होतात. विशिष्ट सेवा मेडल 1960 साली तीन श्रेणींत सुरू झालं, आणि 1967पासून त्या श्रेणींना परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा मेडल अशी नावं आहेत. ही पदकं उल्लेखनीय सेवेची आहेत, शौर्याची नव्हेत. त्यांना 'शौर्यपदक' म्हणू नका. सेवेला सेवा म्हटल्याने काहीही कमी होत नाही. 9, 20 आणि 30 वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं, सैन्य सेवा मेडल, सेनाध्यक्षांचं कमेंडेशन कार्ड, जे असेल ते डिस्चार्ज बुकात आहे तसंच उतरवा. छातीवरच्या पदकांचा क्रमही ठरलेला असतो. फोटोसाठी कुणी ती हलवायला गेलं तर थांबवा.

हुद्दा नावाआधी, आणि 'निवृत्त' हा शब्द नावानंतर कंसात. 'निवृत्त हवालदार अमुक' असं नको, 'हवालदार अमुक (निवृत्त)' असं. फौजेत मानतात, की माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही.

न परतलेल्यांबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका. घाटात गाडीसकट गेलेले सोबती यांच्या मनात असतातच. अण्णांनी तिसऱ्या दिवशी, स्वतःहून, आरशात मागची गाडी दिसायची थांबली त्या वळणाचं सांगितलं. ते मी मानपत्रात घेतलं नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळे उभे राहून शांत राहिलो, तेव्हा अण्णांना कळलं कशासाठी ते.

कार्यक्रमासाठी एएससीच्या माणसाला 8 डिसेंबर साजेसा, तो त्यांचा कोअर डे. 1760पासूनचा वारसा ते त्या दिवशी साजरा करतात. टेबलावर तिरंगा अंथरू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही. शाल-श्रीफळ त्यांच्या पत्नीलाही द्या, आणि तिने ती वर्षं कशी काढली ते दोन ओळींत तिच्याच शब्दांत वाचा.

आदल्या संध्याकाळी मात्र मानपत्र घेऊन त्यांच्या घरी जा आणि अख्खं वाचून दाखवा. छपाई त्यानंतरच. अण्णांचं मानपत्र मी नव्याने लिहिलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मध्येच हात वर केला. मी 'बर्फ तुडवत' लिहिलं होतं. "तुडवत नाही," म्हणाले, "बर्फावरून सावकाश. दुसऱ्या गिअरमध्ये." मी खोडलं आणि तसंच लिहिलं. कपाटामागची जुनी फ्रेम त्यांनीच काढून दिली, आणि नवीन कागद तिच्यात बसवला.